उष्णतेचा जमाखर्च
(उष्णता देणाऱ्या व उष्णता घेणाऱ्या रासायनिक क्रियांविषयीं)

चुन्याच्या कळीवर पाणी टाकलें कीं ती तडतडते, फुटते, वाफा सोडते आणि थोड्याच वेळांत भांड्यास हात लाववत नाहीं, हें आपणांपैकीं प्रत्येकानें पाहिलें आहे. उलटपक्षीं, बादलींतील पाण्यांत युरिया कालवितांना हात गार पडतो, हेंहि पुष्कळांच्या अनुभवास आलें असेल. दोन्ही ठिकाणीं पाण्याशीं एक पांढरा पदार्थ मिळविला. चूल कोठेंच पेटविली नाहीं. मग एका ठिकाणीं उष्णता आली कोठून, व दुसऱ्या ठिकाणीं होती ती गेली कोठें ? हा प्रश्न वरवर पाहतां शाळेंतील मुलांचा वाटतो. परंतु ज्याच्या खळ्यांत गवताची गंजी आहे, गोठ्यामागें खताचा खड्डा आहे व कोठारांत धान्य आहे, त्याचा नफा-तोटा पुष्कळदां याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो. इतकेंच नव्हे, तर एखाद्या निरपराध माणसाची अब्रूहि त्यावर अवलंबून असूं शकते. तें कसें, हें लेखाच्या उत्तरार्धांत येईल.

आम्ही कांहीं रसायनशास्त्रज्ञ नाहीं. आमचें शिक्षण गांवच्या मराठी शाळेंत संपलें, व उमेदीचीं सर्व वर्षें महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलीं. तथापि जमाखर्च लिहिण्याची संवय अंगीं खिळल्यामुळें हा विषय आम्हांस त्याच रीतीनें उमगला, व वाचकांसहि तो त्याच रीतीनें सोपा वाटेल असा भरंवसा आहे.

दोन वर्ग

कोणत्याहि पदार्थाचे अणु एकमेकांस बंधांनीं जखडलेले असतात. रासायनिक क्रिया घडते म्हणजे जुने बंध तुटतात व नवे जुळतात. बंध तोडावयाचा तर उष्णता खर्च करावी लागते. बंध जुळला म्हणजे उष्णता मोकळी होते. प्रत्येक क्रियेंत हा खर्च व हें उत्पन्न दोन्ही असतात. उत्पन्न खर्चाहून अधिक झालें तर शिल्लक उष्णता बाहेर पडते व आसपासचे पदार्थ तापतात. अशा क्रियेस उष्णतादायक क्रिया म्हणावें; अलीकडील पाठ्यपुस्तकांत तिला ऊष्मादायी म्हणतात. खर्च उत्पन्नाहून अधिक झाला तर तूट भरून काढण्यासाठीं ती क्रिया भोंवतालची उष्णता ओढून घेते. ही उष्णताग्राहक, अथवा पाठ्यपुस्तकाच्या भाषेंत ऊष्माग्राही, क्रिया होय. हे दोन वर्ग अशा नांवांनीं वेगळे ओळखण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बर्थेलो यांनीं रूढ केली.

तात्पर्य, वर्ग ठरवितांना प्रश्न एकच विचारावयाचा : क्रिया पुरी झाल्यावर हिशेब पाहतां उष्णता बाहेर आली, कीं आंत गेली ? बाहेर आली तर आपल्या खात्यावर जमा. आंत गेली तर नांवें.

चुन्याचा जमाखर्च

उष्णता मोजण्यास माप हवें. एक लिटर पाणी एका अंशानें तापविण्यास जितकी उष्णता लागते, तितकीस एक किलोकॅलरी म्हणतात. या लेखांत सर्वत्र तेंच माप घेतलें आहे, व अंश म्हणजे सेल्सिअसचे अंश समजावे.

आतां १०० किलो शुद्ध चुनखडी घेऊं. भट्टींत सुमारें ९०० अंशांपर्यंत तापविली म्हणजे तिच्यांतून ४४ किलो कर्बवायु, ज्यास कार्बन डाय-ऑक्साइड म्हणतात, तो निघून जातो व ५६ किलो कळीचा चुना मागें राहतो. या फोडणीस सुमारें ४२,६०० किलोकॅलरी उष्णता लागते. ही केवळ चुनखडीनें स्वतः गिळलेली उष्णता. भट्टीच्या भिंती व धूर यांनीं नेलेली निराळी, म्हणूनच प्रत्यक्षांत लांकूड-कोळसा याहून पुष्कळ अधिक जळतो. ही क्रिया उष्णताग्राहक होय, म्हणून ४२,६०० नांवें लिहूं.

पुढें ही ५६ किलो कळी आपण विरवितों. ती १८ किलो पाणी पिऊन ७४ किलो विरलेला चुना होते, आणि सुमारें १५,६०० किलोकॅलरी बाहेर टाकते. एक किलो कळीचा हिशेब काढला तर तेवढ्या उष्णतेनें जवळजवळ चार लिटर साधें पाणी उकळीस येईल. जास्तीचें जें पाणी आपण ओततों तें उसळतें तें याच कारणानें. ही जमेची पहिली रक्कम.

नंतर तो चुना भिंतीस लागतो. तेथें तो हवेंतील कर्बवायु हळूहळू शोषून पुन्हां चुनखडी बनतो. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंती दगडासारख्या होतात त्याचें हें कारण. या क्रियेंतहि उष्णता बाहेर पडते, व ती सुमारें २७,००० किलोकॅलरी भरते. ही जमेची दुसरी रक्कम.

आतां बेरीज पाहावी. नांवें ४२,६००. जमा १५,६०० अधिक २७,०००, एकूण ४२,६००. खातें चोख मिटलें. भट्टीवाल्यानें जी उष्णता कर्जाऊ दिली, ती चुन्यानें दोन हप्त्यांत परत केली. एखादी क्रिया उलट फिरविली म्हणजे रक्कम तीच राहते, केवळ रकाना बदलतो, हें पॅरिस येथील लाव्हाझिए व लाप्लास यांनीं अठराव्या शतकांतच सांगितलें होतें. आणि क्रिया एका टप्प्यानें होवो कीं अनेक टप्प्यांनीं होवो, उष्णतेची एकंदर बेरीज बदलत नाहीं, हा नियम सेंट पीटर्सबर्ग येथील हेस या शास्त्रज्ञानें १८४० सालीं मांडला. आम्हांस तर हा नियम वाचतांना खातेवहीचा ताळा जमल्याचा आनंद झाला.

येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे. दुसरा हप्ता पहिल्याहून मोठा. तरी चुन्याची भिंत तापल्याचें कोणीं पाहिलें आहे काय? नाहीं. कारण ती रक्कम महिनोंगणती, वर्षोंगणती थोडथोडी बाहेर पडते, व वारा ती येतां येतांच घेऊन जातो. पहिला हप्ता मात्र घटकेभरांत पडतो, म्हणून हात पोळतो. उष्णता किती निघाली एवढ्यावर सर्व अवलंबून नाहीं. ती किती वेळांत निघाली, व तिला बाहेर पडण्यास वाट होती कीं नाहीं, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

तीन चुकीच्या समजुती

पहिली समजूत अशी कीं, जी क्रिया सुरू करण्यास विस्तव लागतो ती उष्णता घेणारी. हें बरोबर नव्हे. कडबा पेटविण्यास काडी लागते खरी, परंतु ती काडी म्हणजे व्यवहार सुरू करण्यापुरता दिलेला विसार आहे. पुढें कडबा आपल्याच उष्णतेनें जळत जातो व दिलेल्या विसाराच्या शेंकडों पट परत देतो. चुन्याच्या भट्टींत तसें नाहीं. मधेंच विस्तव काढून घेतला तर चुनखडीची फोड तेथल्या तेथें थांबते. म्हणून परीक्षा अशी करावी कीं, बाहेरची आंच बंद केल्यावर क्रिया चालूं राहते, कीं थांबते ?

दुसरी समजूत अशी कीं, जेथें ऊन लागतें ती क्रिया उष्णता देणारी. भट्टी तर धगधगत असते, तरी तींतील चुनखडीची क्रिया उष्णता घेणारी आहे; धग आहे ती सरपणाची. उलट, युरियाची बादली गार पडते तेथें बाहेरून उष्णता कोणींच दिली नाहीं, म्हणून ती पाण्यांतूनच ओढली गेली. भट्टी व बादली, एक लाल व दुसरी गार, परंतु दोहोंची नोंद एकाच रकान्यांत, नांवें.

तिसरी समजूत थोरांचीहि झाली होती. उष्णता देणाऱ्या क्रियाच आपोआप घडतात असें खुद्द बर्थेलो यांचें मत होतें. तें टिकलें नाहीं. वाचकांनीं घरींच प्रयोग करून पाहावा. पेलाभर पाण्यांत दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवावें, म्हणजे बाजारांत सायट्रिक ॲसिड म्हणून मिळतें तें, व त्यांत दोन चमचे खाण्याचा सोडा टाकावा. मिश्रण फसफसून येतें, कर्बवायु निघतो, आणि पेला हातास स्पष्ट गार लागतो. क्रिया आपोआप झाली, पण उष्णता घेऊन झाली.

शेतकऱ्याच्या नित्य व्यवहारांतील उदाहरणें

युरियाच्या बाबतींत एक खुलासा करणें अवश्य आहे. विरघळणें ही काटेकोर अर्थानें रासायनिक क्रिया मानीत नाहींत. परंतु उष्णतेचा हिशेब त्याच रीतीनें लागतो. दहा लिटर पाण्यांत एक किलो युरिया विरघळविला तर पाणी सुमारें पांच-सहा अंशांनीं उतरतें. फवारणीचें शेंकडा २ चें द्रावण करितांना हा फरक जेमतेम एका अंशाचा असल्यानें जाणवत नाहीं. परंतु कोणी थोड्या पाण्यांत पुष्कळ युरिया घालून दाट द्रावण करूं लागला, तर पाणी झपाट्यानें थंड होतें, व थंड पाण्यांत युरिया कमी विरघळतो. तळाशीं खडे तसेच राहतात. अशा वेळीं खत भेसळीचें आहे असा ग्रह करून घेण्यापूर्वीं द्रावण घटकाभर उन्हांत ठेवून ढवळून पाहावें. म्युरिएट ऑफ पोटॅश हें खतहि पाण्यांत विरघळतांना असेंच पाणी गार करितें.

बोर्डो मिश्रण फ्रान्समधील बोर्दो येथें मियार्दे यांनीं १८८५ सालीं द्राक्षांच्या केवडा रोगावर सिद्ध केलें. त्याचें नेहमींचें प्रमाण एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व शंभर लिटर पाणी असें आहे. चुना विरवून तो पूर्ण निवल्यावरच मोरचुदाच्या पाण्यांशीं मिळवावा, असें जें सांगतात त्याचें कारण आतां वाचकांस कळेल. मिश्रणांतील तांब्याचा निळा गाळ हेंच खरें औषध. तो तापला तर काळवंडून त्याचें तांब्याचें काळें ऑक्साइड बनतें, व मेहनत फुकट जाते. चुन्याचा हप्ता अगोदर वसूल होऊं द्यावा, मग पुढील व्यवहार करावा.

तीव्र गंधकाम्ल, म्हणजे बॅटरींत जें पातळ करून घालतात तें, पाण्यांत मिसळतांना फार मोठी उष्णता बाहेर टाकतें. ठिबकच्या नळ्या साफ करण्यासाठींहि कोणी कोणी आम्ल वापरतात. येथें नियम एकच : पाण्यांत आम्ल थोडथोडें सोडावें, आम्लांत पाणी कधींहि ओतूं नये. आम्ल जड, पाणी हलकें. आम्लावर ओतलेलें थोडें पाणी वरच्या वर उकळतें व आम्लासकट तोंडावर उडतें. पुष्कळ पाण्यांत थोडें आम्ल पडलें तर तीच उष्णता सगळ्या पाण्यांत वांटली जाते. रक्कम तीच, वांटेकरी अधिक, म्हणून भार हलका.

विहिरीच्या बांधकामांतील सिमेंट पाण्याशीं संयोग पावतांना असेंच तापतें. त्यावर आठ-पंधरा दिवस पाणी मारण्याची जी चाल आहे, तिनें क्रियेस लागणारें पाणीहि मिळतें व उष्णतेसहि वाट होते.

परंतु शेतकऱ्याचा सर्वांत मोठा व्यवहार उष्णता घेणारा आहे, आणि तो म्हणजे पीक. हिरवें पान हवेंतील कर्बवायु व मुळांनीं आणिलेलें पाणी यांची साखर करितें. ही क्रिया सूर्यप्रकाशाच्या शक्तीवांचून होत नाहीं. एक किलो द्राक्षशर्करा तयार होतांना सुमारें ३,७०० किलोकॅलरी इतकी सूर्याची शक्ति तींत बांधली जाते. त्याच साखरेपासून झाड पुढें पिष्ट, तंतु व लांकूड तयार करितें. म्हणजे उभें पीक ही सूर्यापासून वसूल करून ठेवलेली ठेव होय. आणि नियमाप्रमाणें ही ठेव जेव्हां मोडेल तेव्हां तेवढीच उष्णता बाहेर येईल, मग ती चुलींत मोडो, जनावराच्या पोटांत मोडो, कीं कोणाच्या नकळत गंजीच्या पोटांत मोडो.

जनावराच्या अंगची ऊब हीहि एक जमेचीच रक्कम आहे. लाव्हाझिए व लाप्लास यांनीं १७८३ सालीं मांडलेल्या प्रयोगांत एक गिनीपिग बर्फानें वेढलेल्या भांड्यांत ठेविला, त्याच्या उबेनें किती बर्फ वितळतें तें मोजलें, आणि त्याच्या श्वासाइतकाच कर्बवायु देणारा कोळसा जाळून किती वितळतें तेंहि पाहिलें. दोन्ही आंकडे बरेचसे जुळले. श्वसन हें ज्योतीवांचूनचें मंद जळणें आहे, ही गोष्ट तेव्हांपासून सिद्ध झाली.

गंजी आपोआप कां पेटते

गवत कापलें म्हणजे तें तत्काळ निर्जीव होतें असें नाहीं. ओल आहे तोंवर त्याच्या पेशी श्वास घेत राहतात व आपली साखर जाळीत राहतात. त्यांच्या जोडीस बुरशी व सूक्ष्म जंतु येतात. हेच जंतु कंपोस्टाच्या ढिगांत आपलें काम करितात. इंदूर येथें सर अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं कंपोस्टाची जी पद्धति बसविली व १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली, तींत हाच व्यवहार शिस्तीस लावलेला आहे. ढिगाची उष्णता ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढते, तणांचें बीं व रोगजंतु पुष्कळसे मरतात, ढीग चाळवून हवा दिली जाते, आणि त्यांतील भरपूर पाणी वाफ होतांना जास्तीची उष्णता घेऊन जातें.

गवताच्या गंजींत आरंभ हाच, परंतु शेवट निराळा. तेथें पाणी खतासारखें भरपूर नसतें, चाळवणें नसतें, आणि गवत हें उष्णता अडवून धरणारें पांघरूण असतें. जंतूंची मजल सुमारें ७० अंशांपर्यंत. त्यापुढें ते स्वतःच मरतात. तेथें सर्व थांबतें तर बरें होतें. परंतु तोंवर तापलेलें गवत प्राणवायूशीं सरळ संयोग पावूं लागतें, व त्यास जंतूंची गरज राहत नाहीं. उष्णता सुमारें दहा अंशांनीं चढली कीं अशा क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे उष्णतेनें वेग वाढतो व वेगानें उष्णता वाढते. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाची ही रीत आहे. मुद्दलास पोंचेपर्यंत ऋणकोस कळत नाहीं.

गंजीचा आकारहि यांत भर घालतो. लांबी, रुंदी व उंची तिन्ही दुप्पट केल्या तर आंतील गवत आठपट होतें, परंतु उष्णता बाहेर सोडणारा पृष्ठभाग चौपटच होतो. म्हणून लहान गंजी गरम होऊन निवते, तेथें मोठी गंजी पेटते. पूर्ण वाळलेलें गवत तापत नाहीं, पूर्ण भिजलेलें पेटत नाहीं. मधल्या ओलीचें गवत घातक. रचतांना गवतांत शेंकडा २० हून अधिक ओल असेल तर धोका समजावा. रचल्यापासून दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंतचा काळ विशेष जपण्याचा असतो. परतीच्या पावसांत भिजलेल्या सोयाबीनच्या सुडीस व ओलसर भरलेल्या धान्याच्या राशीसहि हाच न्याय लागू आहे. तीं पेटलीं नाहींत तरी तापतात, व बियाण्याची उगवणशक्ति नासते.

परीक्षा सोपी आहे. लोखंडी सळई गंजीच्या गाभ्यापर्यंत खुपसून पाव तासानें काढावी व हातीं धरून पाहावी. नुसती कोमट लागली तर चिंता नाहीं. धरवत नसेल तर गंजी तापली आहे. उष्णतामापक असेल तर तो तारेस बांधून नळींतून आंत सोडावा : ५५ अंशांखालीं निर्धास्त असावें, ५५ ते ७० पर्यंत रोज पाहावें, ७० च्या वर गेल्यास संकट आलें असें समजावें, व ८० च्या वर आंत विस्तव धुमसत असण्याचा संभव असतो. अशी गंजी घाईनें उपसूं नये. कोंडलेल्या विस्तवास एकाएकीं हवा मिळाली म्हणजे भडका होतो. वर चढूंहि नये, कारण आंत जळून पोकळी झालेली असते. अग्निशामक दलास कळवावें, पाण्याची सोय जवळ ठेवावी, गुरें दूर बांधावीं, व मगच हात घालावा.

एक पंचनामा

आतां आरंभीं जें सांगूं म्हटलें होतें तें सांगतों. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, आम्ही नोकरींत नवे असतां, एका गांवीं रात्रीं गवताची मोठी गंजी जळाली. दुसऱ्या दिवशीं पंचनामा झाला व त्याचें लेखन आमच्याकडे होतें. गांवाचें वा माणसांचें नांव येथें देत नाहीं.

गंजीच्या मालकाचा शेजाऱ्याशीं बांधाचा जुना तंटा होता. मालकानें त्याचेंच नांव घेतलें, पंचांनीं माना डोलाविल्या, आणि आम्हीं सुवाच्य अक्षरांत लिहिलें कीं, दुष्ट बुद्धीनें कोणी आग लावल्याचें दिसतें. वस्तुतः त्या वेळीं आमच्या डोळ्यांसमोर काय होतें ? गंजीचा गाभा पार राख झाला होता. वाऱ्याच्या उलट अंगाच्या बाहेरील पेंढ्या मात्र पुष्कळशा शाबूत होत्या व दंवानें ओल्या होत्या. गाभ्यापासून वरपर्यंत काळी, चुलीच्या धुराड्यासारखी पोकळी गेलेली होती. मालकाच्या घरची एक म्हातारी सांगत होती कीं, चार दिवस गंजीकडून गूळ करपल्यासारखा वास येत होता व पहांटे वाफ दिसत होती. गवत कापल्यावर दोन दिवस पाऊस पडून गेला होता, व गंजी रचून तीन आठवडे झाले होते. हें सर्व आम्हीं ऐकलें, पाहिलें, आणि त्यांतील एक अक्षरहि कागदावर घेतलें नाहीं. म्हातारीचें बोलणें पंचनाम्यांत घेण्याजोगें आहे असें आम्हांस वाटलें नाहीं.

शेजाऱ्यास चौकशीसाठीं पुनःपुन्हां बोलावणें झालें. पुरावा नव्हता, म्हणून पुढें कांहीं झालें नाहीं. परंतु कचेरीनें सोडलेल्या माणसास गांव सोडीत नाहीं. पेरणीस त्याला कोणीं सावड दिली नाहीं. घरीं कार्य निघालें तेव्हां निम्मा गांव जेवावयास गेला नाहीं. पुढें पुष्कळ वर्षांनीं गंजी आपोआप पेटण्याविषयींची माहिती आमच्या वाचनांत आली, तेव्हां ती राख, ती पोकळी व तो वास एका क्षणांत डोळ्यांपुढें उभीं राहिलीं. तोंवर तो गृहस्थ वारला होता. त्यानें आग लावली नाहीं असें आम्ही शपथेवर सांगूं शकत नाहीं. परंतु त्यानें ती लावली असें लिहिण्यास आम्हांपाशीं कांहीं आधार नव्हता, आणि ती आपोआप लागली असें मानण्यास मात्र पांच आधार समोर पडलेले होते, हें खरें. आयुष्यभर आम्हीं दुसऱ्यांच्या हिशेबांतील चुका काढल्या. ही एक आमच्या स्वतःच्या हातची राहून गेली.

पंचांनीं काय पाहावें

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांवर केव्हां ना केव्हां पंच म्हणून बसण्याचा प्रसंग येतो. म्हणून एवढी विनंति आहे कीं, गंजी जळाल्याच्या पंचनाम्यावर सही करण्यापूर्वीं पुढील गोष्टी विचारून व पाहून त्या कागदावर घ्याव्या, मग त्या कोणाच्याहि बाजूच्या असोत.

१. गवत कापल्यावर पाऊस अगर दंव लागलें होतें काय ? गंजी किती वाळवून रचली ?
२. रचल्यापासून जळेपर्यंत किती दिवस गेले ? सहा आठवड्यांच्या आंत असल्यास आपोआप तापण्याचा विचार अवश्य करावा. वर्षभर कोरडी उभी असलेल्या गंजीस तें कारण सहसा लागू पडत नाहीं.
३. आधींच्या दिवसांत करपट गोड वास, वाफ, अगर गंजीचा माथा खचल्याचें कोणाच्या नजरेस आलें काय ? घरांतील बायका, मुलें व गडी यांस विचारावें. गंजीशेजारून दिवसांतून दहा वेळां जाणारीं तींच असतात.
४. जळण्याचा आरंभ गाभ्यांत कीं बाहेरील अंगास ? गाभा राख व कडा शाबूत, हें आंतून पेटल्याचें लक्षण. एका बाजूस तळापासून वरपर्यंत जळत गेल्याचें दिसल्यास आग बाहेरून आली असावी.
५. उरलेल्या पेंढ्या तपकिरी, करपट व उष्ण आहेत काय ? आंतून तापलेल्या गवताचा रंग तंबाखूसारखा होतो.

यांतील कोणतीहि एक गोष्ट एकटी निर्णायक नाहीं. परंतु पांचही लिहिल्या असल्या म्हणजे जो कोणी पुढें निर्णय देईल त्यास निदान हिशेबाचे दोन्ही रकाने दिसतील.

असो. विषय रसायनशास्त्राचा, आणि येऊन पोंचला तो गांवकीपर्यंत. परंतु तो मुळांतच तसा आहे. चुन्याच्या भट्टीसारखी उष्णता घेणारी क्रिया आपण देऊं तोंवरच चालते व आपण थांबलों कीं थांबते. तिच्याविषयीं फार जपावें लागत नाहीं. उष्णता देणारी क्रिया मात्र एकदां सुरू झाली कीं आपली विचारपूस करीत नाहीं. तिला मोकळी वाट, भरपूर पाणी अगर पुरेसा वेळ यांपैकीं कांहींतरी द्यावें लागतें. यंदां कापणीनंतर गंजी रचतांना गवताची एक जुडी पिळून पाहावी. ती कडकन मोडली तर रचावी, दमट होऊन वांकली तर आणखी दोन उन्हें द्यावीं. त्या दोन उन्हांनीं चारा वांचेल, आणि कदाचित् शेजारधर्महि.